मुंबई बंदरातलं आरमार इंग्रजांचं उरलं नाही तेव्हा

फेब्रुवारी आला की मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरतो: इंग्रज गेले ते सत्याग्रहाने नव्हे, नौदलाच्या बंडाने. लगेच त्याला उत्तरही येतं: कसलं बंड, जेवणावरून झालेला संप तो, पाच दिवसांत विझला. दोन्ही बाजू आपापला अर्धा तुकडा घेऊन भांडतात आणि १८ ते २३ फेब्रुवारी १९४६ या दिवसांत खरंच काय घडलं ते बाजूला राहतं. घटनाक्रम सांगेनच. पण त्याआधीचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, आणि तो फारसा कोणी विचारत नाही. हे सगळं नौदलातच का पेटलं? पायदळात का नाही?

हिंदुस्थानातले गोरे मोजकेच होते. राज्य चालायचं ते हिंदी कारकुनांच्या लेखणीवर आणि हिंदी शिपायांच्या बंदुकीवर. १८५७ मध्ये या बंदुका उलटल्या, तेव्हा इंग्रजांनी धडा घेतला आणि पायदळाची रचनाच बदलली. शीख वेगळे, गुरखे वेगळे, पठाण वेगळे, मराठे वेगळे. पलटणी आणि कंपन्या जातीधर्मानुसार लावल्या. भरती शक्यतो खेड्यांतून आणि लढाऊ म्हणून शिक्का मारलेल्या समाजांतून. शाळा शिकलेला, वर्तमानपत्र वाचणारा शहरी मुलगा त्यांना नकोच असे. एका गटाने डोकं वर काढलं तर दुसऱ्याला त्याच्यावर सोडता यावं, हा हिशेब. नव्वद वर्षं तो बऱ्यापैकी जमला.

जहाजावर मात्र हा हिशेब बसत नाही. जागा मुळात हातभर. एकाच मेसमध्ये सगळ्यांनी जेवायचं, एकाच डेकवर झोपायचं. धर्माप्रमाणे वेगळी जहाजं काढायची म्हटलं तर तितकी जहाजं कुठे होती? शिवाय आधुनिक युद्धनौकेला नुसता धिप्पाड गडी पुरत नाही. बिनतारी संदेश, रडार, इंजिन, तोफांची गणितं हे सगळं सांभाळायला इंग्रजी वाचणारी पोरं लागतात.

रॉयल इंडियन नेव्ही हे नाव मिळालं १९३४ मध्ये. त्याआधीपासून या दलातले बरेचसे खलाशी कोकणपट्टीतले, विशेषतः रत्नागिरीकडचे मुसलमान दर्यावर्दी आणि काही पंजाबी असत. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सगळे मिळून दोन हजारांच्या आत होते. युद्ध संपेपर्यंत आकडा वीस हजारांच्या पुढे गेला. ही भरती झाली ती बंगाल, मद्रास, त्रावणकोर, पंजाब, मुंबई इलाखा अशी चहूकडून, आणि त्यात शाळा शिकलेल्या तरुणांचा भरणा मोठा. ज्या प्रकारची माणसं पायदळात येऊ नयेत म्हणून इंग्रजांनी इतकी वर्षं काळजी घेतली, नेमकी तीच त्यांनी युद्धाच्या गरजेपोटी जहाजांवर एकत्र कोंबली. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

या मुलांना भरतीच्या वेळी चांगला पगार, शिक्षण आणि युद्धानंतरच्या नोकरीची स्वप्नं दाखवली होती. प्रत्यक्षात त्याच कामासाठी गोऱ्या नाविकाला पगार जास्त, भत्ता जास्त, राहायला बरी जागा. आपल्या पोरांच्या ताटात खडे असलेली डाळ आणि निकृष्ट भात. अधिकाऱ्यांच्या तोंडी शिव्या. युद्धात हे एकवेळ खपून गेलं. ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपलं आणि घरी पाठवण्याची तयारी सुरू झाली. घरी नोकरी नाहीच. शिवाय हे नाविक जग बघून आले होते. सिंगापूर जपान्यांपुढे कसं कोसळलं हे त्यांना ऐकून नव्हे, जवळून ठाऊक होतं. गोरा साहेब हरू शकतो ही माहिती एकदा डोक्यात शिरली की ती परत काढता येत नाही.

नेमक्या याच सुमारास, नोव्हेंबर १९४५ मध्ये, लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सेहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. इंग्रजांनी एकाच पिंजऱ्यात तिघांना उभं करून देशाला न मागता एकीचं चित्र पुरवलं. कलकत्त्यात दंगे झाले, देशभर सभा झाल्या. सरकारला जन्मठेपेच्या शिक्षा जानेवारीत माफ कराव्या लागल्या. त्याच महिन्यात कराचीजवळच्या तळांवर चक्क ब्रिटिश हवाई दलाच्या गोऱ्या जवानांनी काम थांबवलं. आम्हाला लवकर मायदेशी पाठवा ही त्यांची मागणी. त्यांच्यावर गोळ्या चालल्या नाहीत. हिंदी सैनिकांनी हेही पाहिलं.

आता कुलाब्याकडे वळू. एचएमआयएस तलवार हे नाव जहाजाचं वाटतं, पण तो किनाऱ्यावरचा तळ होता, नौदलाची संदेशवहनाची शाळा. १ डिसेंबर १९४५ रोजी मुंबईच्या लोकांना हा तळ दाखवण्याचा समारंभ ठरला होता. त्या दिवशी सकाळी अधिकारी पाहतात तो परेडच्या मैदानावर जळक्या पताका, डोलकाठीवर झाडू आणि बादल्या, भिंतींवर हातभर अक्षरांत ‘भारत छोडो’. हे करणाऱ्या गुप्त टोळक्यात बलाईचंद्र दत्त हा बंगाली तारयंत्री होता. २ फेब्रुवारीला सरसेनापती ऑकिनलेक तळाला भेट देणार होते. त्यांच्या सलामीच्या चौथऱ्यावरच ‘जय हिंद’ आणि ‘भारत छोडो’ लिहिलेलं सापडलं. या वेळी दत्त पकडला गेला.

तळाचा नवा प्रमुख कमांडर किंग हा माणूस अशा वेळी तिथे असायलाच नको होता. ८ फेब्रुवारीला त्याने बराकीत येऊन नाविकांना कुत्रीची पोरं, कुलींची पोरं, जंगली अशा शेलक्या शिव्या हासडल्या. काहींनी रीतसर लेखी तक्रारी दिल्या. त्यावर किंगने तक्रार करणाऱ्यांनाच दम भरला. १८ तारखेच्या सकाळी तलवारवरच्या हजाराहून अधिक नाविकांनी न्याहारीला हात लावला नाही आणि कामावरही गेले नाहीत. घोषणा होती: जेवण नाही, तर काम नाही.

जेवणावरून संप, हे म्हणणं खरं आहे ते इथपर्यंत. दुसऱ्याच दिवशी निवडलेल्या संप समितीच्या मागण्या पाहिल्या तर चित्र बदलतं. चांगलं अन्न, गोऱ्यांइतका पगार, किंगवर कारवाई, सेवामुक्त होणाऱ्यांना नोकऱ्या या मागण्या आहेतच. पण त्यांच्याच शेजारी आझाद हिंद सेनेच्या लोकांसह सर्व राजकीय कैद्यांची सुटका आहे, आणि इंडोनेशिया व इजिप्तमधून हिंदी फौजा परत बोलवा ही मागणीही आहे. शेवटची मागणी मला सर्वांत बोलकी वाटते. डचांचं राज्य इंडोनेशियात पुन्हा बसवायला इंग्रज हिंदी जवान वापरत होते, आणि ते आपल्याला पटत नाही असं विशी-बाविशीतले नाविक लेखी सांगत होते. डाळीतल्या खड्यांचा आणि इंडोनेशियातल्या सुराबायाच्या लढाईचा धनी एकच आहे, हे त्यांनी ताडलं होतं.

संप एका दिवसात एवढा पसरला कसा, हे कोडं नाहीच. तलवार ही संदेशवहनाची शाळा होती. प्रत्येक जहाजाच्या बिनतारी खोलीत इथे शिकलेला कोणीतरी बसलेला असे, आणि नौदलाची अधिकृत यंत्रणाच या पोरांच्या बोटांखाली होती. रेडिओ आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्यांनी उरलेलं काम केलं. १९ तारखेला कॅसल बॅरॅक आणि फोर्ट बॅरॅक सामील झाल्या, बंदरातली जहाजं सामील झाली, ठाण्याच्या कोलशेतजवळचा अकबर हा तळ सामील झाला. मग कराची, कलकत्ता, मद्रास, विशाखापट्टणम, कोचीन. सर्वसाधारणपणे ७८ जहाजं, २० तळ आणि सुमारे २०,००० नाविक असा आकडा दिला जातो. सगळीकडे बंदुका निघाल्या असं नाही. बऱ्याच ठिकाणी फक्त काम बंद होतं. पण काही काळ तरी इंग्रजांचं हिंदी नौदल इंग्रजांच्या हुकमात नव्हतं, हे नक्की.

मुंबईत जहाजांवरून ब्रिटिश निशाण उतरलं आणि त्या जागी काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तिन्ही झेंडे शेजारी शेजारी चढले. फाळणी दीड वर्षावर आली असताना हे घडत होतं. मध्यवर्ती समितीचा अध्यक्ष झाला एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख. नाविक लॉरींतून झेंडे घेऊन फोर्टभर घोषणा देत फिरले. तेव्हा काही ठिकाणी दंगाही झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. समितीने मात्र शांततेचाच आदेश दिला होता आणि जहाजांवरच्या तोफा शहरावर चालल्या नाहीत.

२० तारखेला सरकारने बराकींना वेढा घातला आणि रसद तोडली. कॅसल बॅरॅकवर सुरुवातीला मराठा पलटणीचा पहारा होता, मग गोऱ्या तुकड्या आणल्या गेल्या. २१ तारखेच्या सकाळी नाविकांनी बाहेर पडायचा प्रयत्न केला, गोळीबार झाला, आतल्यांनी शस्त्रागार फोडलं आणि दुपार उलटून जाईपर्यंत दोन्हीकडून गोळ्या चालत राहिल्या. (हाच तळ आज आयएनएस आंग्रे या नावाने ओळखला जातो. कान्होजींच्या नावाला इतकी शोभणारी जागा दुसरी मिळाली नसती.) त्याच दिवशी नौदलप्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल गॉडफ्री रेडिओवर बोलले. सरकारकडे अफाट बळ आहे आणि ते पुरेपूर वापरलं जाईल, मग ज्या नौदलाचा एवढा अभिमान आहे ते नष्ट झालं तरी बेहत्तर, असा त्यांचा सूर होता. बंदरावरून बॉम्बफेकी विमानं घिरट्या घालू लागली. ग्लासगो ही मोठी ब्रिटिश युद्धनौका मुंबईकडे निघाली. गंमत अशी की हे गॉडफ्री युद्धकाळात ब्रिटनच्या नौदल हेरखात्याचे प्रमुख होते. जर्मनांच्या हालचाली टिपणाऱ्या माणसाला स्वतःच्या बराकींतलं काही दिसलं नव्हतं.

कराचीत प्रकरण जास्त रक्तरंजित झालं. हिंदुस्तान या नौकेने फौजेच्या गोळीबाराला तोफांनी उत्तर दिलं. २२ तारखेला किनाऱ्यावरून तोफा डागल्या गेल्यावर तिला शरण जावं लागलं.

मुंबईत मात्र खरी किंमत मोजली ती शहराने. रसद तुटल्याचं कळताच लोक डबे, फळं, पाव घेऊन गेटवेपाशी जमले. इराण्यांनी दुकानं उघडी करून लागेल ते न्या म्हटलं. २२ तारखेला कम्युनिस्ट पक्षाने हरताळ पुकारला, काँग्रेसमधल्या समाजवाद्यांतून अरुणा असफ अली उघड पाठीशी उभ्या राहिल्या, आणि लालबाग-परळचं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. सरकारने लष्कर बोलावलं आणि चाळींच्या तोंडाशी रणगाडे आणि चिलखती गाड्या फिरू लागल्या. परळला कमल दोंदे ही कम्युनिस्ट कार्यकर्ती गोळी लागून गेली. दोन-तीन दिवसांत सरकारी हिशेबानेच दोनशेहून अधिक माणसं मेली आणि हजारावर जखमी झाली. मुंबईत मेलेल्या नाविकांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून याला निव्वळ नौदलाचा उठाव म्हणणं मला अपुरं वाटतं. त्यातली बहुतेक मढी गिरणी कामगारांच्या आणि चाकरमान्यांच्या घरांतून उचलली गेली.

नेते कुठे होते? हा दुखरा भाग आहे आणि त्यावर आजही हमरीतुमरी होते. संप समिती मार्गदर्शनासाठी काँग्रेस आणि लीग दोघांकडे पाहत होती. सरदार पटेल मुंबईतच होते. त्यांनी शस्त्रं खाली ठेवा असा स्पष्ट सल्ला दिला, आणि कोणावर सूड उगवला जाऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करील असं आश्वासन दिलं. जिनांनीही तसंच आवाहन केलं. गांधीजींनी हिंसेसाठी झालेली हिंदू-मुसलमानांची एकी अपवित्र ठरवली. त्यावर अरुणा असफ अलींचं म्हणणं असं की वाटाघाटींच्या टेबलापेक्षा मोर्चाच्या आघाडीवर हिंदू-मुसलमान लवकर एकत्र येतील. पटेलांचं कारण साधं होतं आणि त्यांनी ते पुढे पत्रात लिहिलंही: सैन्याच्या शिस्तीशी खेळ करता येणार नाही, स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणारच आहे. निवडणुका चालू होत्या, सत्ता हातात येण्याची चिन्हं दिसत होती. घरात पाऊल ठेवायच्या वेळी त्याच घराला आग लागलेली कोणाला हवी असणार? नाविकांना हा विश्वासघात वाटला. दोघांच्याही जागी उभं राहून पाहिलं तर दोघंही कळतात, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

२३ च्या पहाटेपूर्वी समितीने शरणागतीचा निर्णय घेतला. सकाळी जहाजांवर काळे झेंडे चढले. आम्ही शरण जात आहोत ते ब्रिटनला नव्हे, भारताला, असं त्यांनी जाहीर केलं. शेवटच्या निवेदनात हेही होतं की सैन्यातल्या आणि रस्त्यावरच्या माणसांचं रक्त पहिल्यांदाच एका कार्यासाठी एकत्र वाहिलं. काही दिवसांनी मुंबईत आलेल्या नेहरूंनी जवळपास तीच गोष्ट सांगितली: सैन्य आणि जनता यांच्यामध्ये इंग्रजांनी उभी केलेली भिंत पडली.

मग इंग्रज गेले ते यामुळे का? तारखा बघा. कॅबिनेट मिशन, म्हणजे सत्तांतराची बोलणी करायला ब्रिटिश मंत्र्यांचं शिष्टमंडळ, पाठवण्याची घोषणा पंतप्रधान अ‍ॅटलींनी संसदेत केली १९ फेब्रुवारीला, म्हणजे संपाच्या दुसऱ्या दिवशी. यावरून ‘संप झाला आणि चोवीस तासांत इंग्रज नमले’ असं लिहिलं जातं. पण मिशन पाठवायचं मंत्रिमंडळात ठरलं होतं जानेवारीतच. ती घोषणा संपामुळे झालेली नाही. अ‍ॅटलींनी १९५६ मध्ये कलकत्त्यात असताना सैन्यातल्या असंतोषाला मोठं आणि गांधीजींच्या चळवळीला नगण्य श्रेय दिलं, ही गोष्टही फार फिरते. ती आहे एका न्यायाधीशांची आठवण, वीस वर्षांनी कागदावर उतरवलेली. तिच्यावर एवढी मोठी इमारत उभारणं धोक्याचं आहे.

पण तारखांवरून उठावाला शून्य गुण देणंही चूक. जायचं हे ठरलं असलं तरी कधी, कसं आणि कोणत्या अटींवर हे ठरलेलं नव्हतं. व्हाइसरॉय वेव्हेल आणि ऑकिनलेक यांच्यासमोरचा प्रश्न असा होता: वाटाघाटी फिसकटल्या आणि १९४२ सारखं आंदोलन पुन्हा पेटलं, तर ते दडपता येईल का? १९४२ मध्ये हिंदी फौज हुकमात राहिली होती, म्हणून ‘भारत छोडो’ चिरडता आलं. आझाद हिंद सेनेवरच्या खटल्याने त्या फौजेबद्दल शंका पेरली, फेब्रुवारीने ती पक्की केली. मुंबई शांत होते न होते तोच जबलपूरला लष्कराच्या संदेशवाहक तुकडीने काम थांबवलं. गोरी फौज थोडी, थकलेली आणि घरी जायला उतावीळ. दडपशाहीचा पर्याय कागदावर शिल्लक होता. तो वापरायला हात शिल्लक नव्हते. चळवळींनी इंग्रजांच्या राज्याचा नैतिक आधार काढून घेतला होता. नाविकांनी दाखवलं की बंदुकीचाही भरवसा राहिलेला नाही. एकाला दुसऱ्याच्या विरोधात उभं करायची गरज मला कळत नाही. तिरंगा जहाजावर चढवणाऱ्या पोरांना तो तिरंगा चळवळीनेच दिला होता.

सूड घेतला जाणार नाही या आश्वासनाचं पुढे काय झालं? धरपकड झाली, नाविकांना छावण्यांत डांबलं गेलं. पाटण्याचे मुख्य न्यायाधीश सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याने अन्न, पगार आणि वर्णद्वेषाच्या तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या मानल्या. तरीही ४७६ जणांना बडतर्फ करण्यात आलं. स्वातंत्र्यानंतर जहाजं भारत आणि पाकिस्तान यांच्यात वाटली गेली. बडतर्फ नाविकांना मात्र दोन्हीपैकी एकाही नौदलाने परत घेतलं नाही. पटेलांनी शिस्तीचं जे कारण सांगितलं होतं, ते दोन्ही नव्या सरकारांना सारखंच सोयीचं होतं. स्वातंत्र्यसैनिक म्हणून या लोकांना मान्यता मिळायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली, आणि तोवर त्यातल्या अनेकांनी पोटासाठी मिळेल ती नोकरी धरली होती.